घरी रोल धुण्याविषयीचे काही समज

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली आपला चित्रपटांचा कारखाना नाशकास आणला. तत्पूर्वी दादरच्या बिऱ्हाडात फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्यापासून रसायने कालवून फिल्म धुण्यापर्यंतच्या कामांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा हात असे. असे असता, रोल धुणे हे गृहस्थाच्या आवाक्याबाहेरचे काम असा समज खुद्द नाशकात आढळावा, हे नवलच होय.

फिल्म तांबड्या दिव्याखाली धुतात, ही समजूत सर्वांत चिवट आणि सर्वांत घातकही. तिच्यात एकेकाळी तथ्य होते, कारण फाळक्यांच्या काळी प्रचलित असलेली फिल्म तांबड्या प्रकाशास जवळजवळ आंधळी असे, आणि छायाचित्रे उमटविण्याच्या बहुतेक कृष्णधवल कागदांची प्रकृती आजही तशीच आहे. परंतु आजची सर्वसाधारण कृष्णधवल फिल्म सर्वच रंगांना जागी असल्यामुळे तो दिवा तिचा घात करतो. यावरून स्वतंत्र अंधारी खोली हवीच, असे अनुमान मात्र काढू नये. निर्भेळ काळोख लागतो तो रोल चकरीवर चढवून उजेड न शिरणाऱ्या डब्यात घालीपर्यंतच, आणि तेवढा काळोख बाह्या असलेल्या दुहेरी काळ्या पिशवीत मिळतो. पुढे झाकणाच्या तोंडातून रसायने खुशाल दिवसाउजेडी ओतावीत.

नाशकाचा उन्हाळा या कामास प्रतिकूल, ही तक्रार अर्धीच खरी. डेव्हलपरची, म्हणजे फिल्मवर चित्र उमटविणाऱ्या द्रावणाची, मुदत बहुधा २० अंश सेल्सिअसला धरून दिलेली असते. द्रावण अधिक उष्ण असल्यास मुदत कमी करावी लागते, आणि ती फारच आखूड झाली तर निगेटिव्ह सर्वत्र सारखी उतरत नाही, सबब बर्फाच्या पाण्याने भरलेल्या परातीत बाटल्या ठेवून द्रावण निवविणे हाच प्रशस्त इलाज. रंगीत निगेटिव्हच्या डेव्हलपरला उलट ३७.८ अंश लागतात. वैशाखात त्याची निम्मी तजवीज सूर्यनारायणच करून ठेवतो.

रसायनांना जहर म्हणणारे आणि निरुपद्रवी मानणारे, दोघेही चुकतात. डेव्हलपरमधील मेटॉल व हायड्रोक्विनोन यांनी काहींच्या हातांस पुरळ येते, म्हणून हातमोजे वापरावेत व स्वयंपाकाची भांडी त्यांत गुंतवू नयेत. हायपो, म्हणजे चित्र पक्के करणारे द्रावण, त्यामानाने सौम्य. परंतु वापरलेल्या हायपोत फिल्मवरील चांदी उतरलेली असल्यामुळे तो मोरीवाटे गोदावरीकडे धाडू नये. त्यात साध्या पोलादाच्या बारीक तारांचा चोथा बुडवून ठेवल्यास लोखंड विरघळते आणि चांदी काळसर गाळाच्या रूपाने सुटी होते. भांडी घासण्याचा न गंजणारा चोथा या कामी येत नाही.