मुक्कामाची ट्रॉली घेताना खालून वाकून बघा



भात झोडून कणगीत पडले की आपल्या रायगडातल्या घरांना जत्रांचे वेध लागतात. साजगावची विठोबाची जत्रा, जिला सारा मुलूख बोंबल्या विठोबाची म्हणून ओळखतो, मग वरसोली, मग मार्गशीर्षात चौलच्या दत्ताची. पूर्वी पेण-रोह्याकडची माणसे या जत्रांना बैलगाडी जुंपून जात. गाडीवर कामट्या वाकवून तट्टा बांधायचा, खाली पेंढा, पेंढ्यावर गोधडी. चुलीला तीन दगड तिथेच मिळत. एक-दोन रात्री मुक्काम करायचा, पावसाळ्याच्या बेगमीचे सुके बोंबील बांधायचे आणि परतायचे. तेव्हा झोपायची सोय चाकावर घेऊन कुटुंबासह फिरणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. विलायतेतसुद्धा सुरुवात जनावरांनीच झाली. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका डॉक्टराने केवळ हौसेने फिरण्यासाठी घरासारखी गाडी बांधून घेतली, ती दोन घोडे ओढत.

आता बैल कमी झाले. निडीसारख्या गावातही कोणाच्या दारात जीप आहे, कोणाच्या पिकअप आहे, ट्रॅक्टर तर आहेच. मुले मोबाईलवर मागे जोडायच्या कॅरॅव्हॅनची चित्रे बघतात आणि म्हणतात, बाबा, आपणही अशी एक घेऊ. दिवाळीत काशीदच्या समुद्रावर जाऊ, आजीला पालीच्या गणपतीला नेऊ. हौस वाईट नाही. वर्षभर चिखलात राबणाऱ्या घराने चार दिवस एकत्र बाहेर राहावे, हे मला तर फार गरजेचे वाटते. पण ही वस्तू विकत घेताना लोक दार उघडून आत शिरतात, गादी दाबून बघतात, कपाटे मोजतात आणि रंगावर भाळतात. बैल घेताना आपण झूल बघत नाही, दात आणि खूर बघतो. इथेही तसेच करावे. आधी खाली वाकावे आणि आख, चाके, आकडा बघावा. आत नंतर शिरावे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सतरंजी अंथरून सगळे घर जत्रेला नेण्याची आपली जी रीत पडली आहे, ती सोडली पाहिजे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूर जिल्ह्यात घाटमपूरजवळ देवदर्शनाहून परतणाऱ्या लोकांची ट्रॉली तळ्यात उलटली. २६ जण गेले, बहुतेक बायका आणि मुले. आपल्याकडे ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात कामाला निघालेल्या मजूर महिलांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि ७ महिला दगावल्या. ट्रॉली मालासाठी असते. तिला बसायची जागा नाही, धरायला काही नाही, आणि ती उलटली की माणसे खाली सापडतात. विमाही मालाच्या ट्रॉलीचा असतो, तो माणसांच्या भरपाईला उपयोगी पडेल या भरवशावर राहू नये. कॅरॅव्हॅनलाही हाच नियम लावा. ती कितीही मऊ गाद्यांची असो, चालत असताना आत कोणी बसायचे नाही. लहान मूल झोपले आहे म्हणून त्याला आत ठेवायचे नाही. माणसे पुढच्या गाडीत, पट्टा लावून. आत झोपायचे ते गाडी थांबल्यावर, चाकांना दगड लावून.

मग ओढणारी गाडी किती माणसांची, हा पहिला हिशोब झाला. घरात सहा माणसे आणि जीपमध्ये पाच जागा असतील, तर मागे कितीही मोठी ट्रॉली जोडलीत तरी सहावा माणूस घरीच राहणार.

दुसरा हिशोब वजनाचा. विकणारा तुम्हाला रिकामे वजन सांगतो. तुम्ही भरलेले वजन धरायचे. समजा एक लहान ट्रॉली रिकामी ४५० किलोची आहे. तिच्यात ६० लिटर पाणी भरले, म्हणजे ६० किलो झाले. घरचा गॅस सिलिंडर घेतला तर टाकीसकट सुमारे ३० किलो. अंथरूण-पांघरूण आणि तंबूचे कापड ६०, भांडी, तांदूळ, शेगडी ५०, बॅटरी २५, खुर्च्या आणि टेबल २५. झाले ७०० किलो. अजून आजीची पिशवी चढायची आहे आणि जत्रेतला बाजार यायचा आहे! आता गाडीची पुस्तिका उघडा. तिने किती वजन ओढावे हे दिले असेल, तर तो आकडा म्हणजे शेवटची हद्द, आणि हद्दीला खेटून शेत कसायचे नसते. आकडा दिला नसेल तर डीलरकडून लेखी मागा. तोंडी ‘काही होत नाही’ हे उत्तर घेऊ नका. परदेशातले अनुभवी लोक नवशिक्याला सांगतात, भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नको. त्यांचे रस्ते आणि आपले रस्ते ध्यानात घेता मी तर निम्म्यावर थांबा म्हणेन. सुकेळीच्या खिंडीत उतारावर मागचे वजन पुढच्या गाडीला ढकलू लागते, तेव्हा हा सल्ला पटतो. चढ इंजिन काढते, उतार मात्र ब्रेकने काढावा लागतो.

म्हणून ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक आहे का हे विचारा. युरोपात ७५० किलोवरच्या ट्रॉलीला तो सक्तीचा आहे. पुढची गाडी दाबली की ट्रॉली पुढे सरकते आणि त्या दाबानेच तिचा ब्रेक लागतो, अशी साधी रचना असते. घाट चढायचे-उतरायचे असतील, ताम्हिणीतून पलीकडे जायचे असेल, तर ब्रेक नसलेली ट्रॉली हलकी असली तरी मी घेणार नाही. उतारावर आधीच खालचा गियर टाकावा. सारखा पाय ब्रेकवर ठेवला तर तो तापतो आणि ऐन वळणावर दगा देतो.

आता भार कुठे ठेवायचा, हे आपल्या आजोबांना कोणी शिकवावे लागले नसते. बैलगाडीत मागे जास्त भरले की गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरले तर गाडी धुरजड, बैलांच्या मानेवर ओझे. जुना गाडीवान गोणी रचून झाल्या की जू हाताने उचलून बघत असे आणि एखादी गोणी पुढे-मागे करत असे. ट्रॉलीचे शास्त्र तेच आहे. फरक एवढाच की बैलगाडी उलाळ झाली तर बैल थांबतात, आणि जीपच्या मागची ट्रॉली उलाळ असली तर ती वेगात शेपटीसारखी डावी-उजवीकडे झोके खाऊ लागते आणि शेवटी पुढच्या गाडीलाही उलटवते. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग आकड्यावर यावा. म्हणजे ७०० किलोच्या ट्रॉलीत आकड्यावर ७० किलो. मोजायला यंत्र नको. धान्य मोजायचा काटा आकड्याखाली ठेवा, आखाड्यात बसवल्यासारखी ट्रॉली सपाट उभी करा आणि वाचा. पाण्याची टाकी आखाच्या बरोबर वर असलेली ट्रॉली निवडा, कारण पाणी संपत जाते आणि टाकी मागच्या टोकाला असेल तर भार रोज बदलतो. जड सामान खाली आणि आखाजवळ, हलके वर. आणि गाडी झोके घेऊ लागलीच तर घाबरून जोरात ब्रेक मारू नये, चाक वळवून झोका मोडायचाही प्रयत्न करू नये. पाय ॲक्सिलरेटरवरून काढून तिला सरळ ठेवत वेग आपोआप उतरू द्यावा.

आकड्याशेजारी दोन साखळ्या हव्यात, आकड्याखाली एकमेकींवर फुलीसारख्या लावलेल्या. आकडा निसटला तर ट्रॉलीची दांडी रस्त्यात रुतत नाही, साखळ्यांच्या झोळीत राहते. मागचे दिवे पुढच्या गाडीबरोबर लागतात का ते दिवसा नव्हे, संध्याकाळी बघावे. लाल चकत्या लावायला पैसे लागत नाहीत म्हणण्याइतके कमी लागतात, तरी आपल्या निम्म्या ट्रॉल्या रात्री काळ्याभोर धावतात.

टायरचे एक गुपित सांगून ठेवतो. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१८ असेल तर टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. जुनी ट्रॉली विकणारा म्हणतो, टायर नवेकोरे आहेत, नक्षीसुद्धा झिजली नाही. नक्षी झिजणार कशी? गाडी सहा वर्षे उभी होती! उभ्या टायरचे रबर आतून सुकते आणि भरल्या वजनाने उन्हात फुटते.

आतल्या सोयींबद्दल मी थोडेच सांगेन, कारण त्या घरच्या बायका माझ्यापेक्षा चांगल्या पारखतील. मात्र दोन ठिकाणी हयगय नको. गॅस सिलिंडर बाहेरच्या, खालून जाळी असलेल्या कप्प्यात हवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो आणि जाळी नसेल तर आतच राहतो. पाच किलोचा लहान सिलिंडर चार दिवसांना पुरतो. आणि थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन दारे लावून झोपू नये. तिच्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. स्वयंपाक तर बाहेरच बरा. उघड्यावर पोपटी लावायची मजा आतल्या ओट्याला नाही.

लाकडी प्लायच्या भिंतींची ट्रॉली आपल्या पावसात फुगते. किनाऱ्याला नेणार असाल तर खारी हवा लोखंड खाते, परत आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवावी. वाळूत उतरवू नये. भरती आली की जीपही जाते आणि ट्रॉलीही, रायगडच्या किनाऱ्यावर हा तमाशा दर मोसमात होतो.

आता खरा प्रश्न, घ्यावी की नाही. आपल्या पंचांगात मोकळे दिवस मोजा. जून ते ऑक्टोबर भात, मग वाल-पावटा, त्यात लग्नसराई आणि आंब्याचा मोसम. मुक्कामाला म्हणून वर्षाकाठी दहा-बारा दिवस निघाले तर पुष्कळ. तेवढ्यासाठी पक्क्या भिंतींची मोठी कॅरॅव्हॅन घेणे म्हणजे एका बैलासाठी सहा बैलांचा गोठा बांधणे. बहुतेक घरांना एक चांगला तंबू, टपावर सामान आणि देवळाची धर्मशाळा एवढे पुरे. ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी घडीच्या तंबूची ट्रॉली बघावी. प्रवासात ती पेटीसारखी बसकी असते, वारा लागत नाही, थांबल्यावर कापड उभारले की चार माणसे झोपतात. दोन भावांनी मिळून घेतली तर आणखी बरे, फक्त दुरुस्तीचा खर्च कोण करणार ते आधी कागदावर लिहावे.

ज्यांच्या शेतावर पाहुणे येतात त्यांची गोष्ट निराळी. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे आणि २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. खासगी जागेतही कॅरॅव्हॅन उभ्या करायची सोय करता येते. अशा माणसाने स्वतः ट्रॉली घेण्यापेक्षा आधी बांधावर सपाट जागा, पाण्याचा नळ, वीज आणि संडास करावा आणि येणाऱ्याच्या गाडीचे भाडे घ्यावे, असे माझे मत आहे.

गावच्या वेल्डिंगवाल्याकडून स्वस्तात बांधून घ्यावी, हा मोह सगळ्यांना होतो. त्याचे हात चांगले असतील, पण ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी लागते आणि मंजूर नमुन्याचे कागद नसतील तर ती अडते. पैसे देण्याआधी ते कागद मागावे आणि पेणच्या आरटीओ कार्यालयात दाखवून विचारावे. आधी इसार आणि मग चौकशी, असे करू नये.

घरी आणल्यावर लगेच निघू नका. भात कापलेले मोकळे खाचर असतेच, तिथे दोन सकाळी मागे घ्यायचा सराव करा. चाक उजवीकडे वळवले की ट्रॉली डावीकडे जाते, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराला येते, जीप चालवणाऱ्या बापाला येत नाही. तेव्हा पोराला शेजारी बसवावे. पहिली फेरी नागोठण्यापर्यंत रिकामी करावी, तिथे थांबून चाकाच्या तुंब्याला हात लावून बघावा. हात भाजत असेल तर बेअरिंगला ग्रीस नाही किंवा ब्रेक धरतो आहे.

पावसाळ्यात ती पडवीत मावणार नाही, म्हणून मांडव घालण्याची जागा घेण्याआधीच ठरवा. गाद्या काढून माळ्यावर, बॅटरीच्या तारा सोडवून ठेवा. चाकांखाली फळ्या घाला, आखाला ठोकळे देऊन टायरवरचा भार उतरवा. धान्याचा एक दाणा आत राहू देऊ नका, उंदीर तारा कुरतडतात.