वहीबाहेरचे मृत्यू

भारतात सर्पदंशाने दरवर्षी किती माणसे दगावतात, या साध्या प्रश्नाला २०११ पूर्वी दोन टोकांची उत्तरे मिळत असत. कोणी सुमारे १,३०० म्हणे, तर कोणी ५०,०००. खालच्या आकड्याचा आधार म्हणजे रुग्णालयांची विवरणपत्रे. ती खोटी होती असे नव्हे. परंतु जो रुग्णालयाच्या पायरीपर्यंत पोहोचलाच नाही, त्याची नोंद तेथील वहीत व्हावी कशी? हिशेबतपासनिसाच्या भाषेत सांगावयाचे तर बेरीज बिनचूक होती, व्यवहारच वहीबाहेर झाले होते.

रोग कोणास, कोठे, केव्हा व कशामुळे होतो याचा संपूर्ण समाजाच्या पातळीवर शोध घेणारे शास्त्र म्हणजे साथरोगशास्त्र. या शास्त्राने अशा वेळी रुग्णालय सोडून घराचा उंबरठा गाठला. भारताच्या महानिबंधकांचे कार्यालय देशभरातील निवडक वस्त्यांमधील जन्म-मृत्यूंची नोंद 'नमुना नोंदणी पद्धती'द्वारे सातत्याने ठेवत असते. याच वस्त्यांच्या आधारे, टोरांटो येथील डॉ. प्रभात झा यांच्या सहकार्याने 'दशलक्ष मृत्यू अभ्यास' हाती घेण्यात आला.

घरी जाणारा सर्वेक्षक डॉक्टर नसतो. मृताच्या नातलगांसमवेत बसून तो ठरावीक प्रश्न विचारतो आणि अखेरच्या दिवसांची हकीकत स्थानिक भाषेत लिहून घेतो. ही हकीकत दोन डॉक्टर स्वतंत्रपणे वाचून मृत्यूचे कारण ठरवितात. मतभेद मिटला नाही तर ज्येष्ठ डॉक्टर निर्णय देतो. बँकेतील 'मेकर-चेकर' व्यवस्था ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना यातील मर्म निराळे सांगावयास नको. वृद्धांच्या बाबतीत ही पद्धत काहीशी लंगडी पडते, कारण अनेक व्याधींची लक्षणे एकमेकांत मिसळलेली असतात. सर्पदंश मात्र घरची माणसे सहसा विसरत नाहीत.

२००१ ते २००३ या काळातील सुमारे १,२३,००० मृत्यूंची अशी छाननी झाली. त्यांत सर्पदंशाचे निघाले अवघे ५६२. वरकरणी नगण्य वाटणारी ही संख्या देशाच्या लोकसंख्येस लावून पाहता २००५ या एका वर्षासाठी ४५,९०० मृत्यूंचा अंदाज आला. रुग्णालयांच्या आकड्याच्या तीसपटींहूनही तो अधिक होता! तीन-चतुर्थांशाहून अधिक मृत्यू रुग्णालयाबाहेर घडलेले होते आणि जवळजवळ सर्वच ग्रामीण भागातील. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात वार्षिक सरासरी ५८,००० भरली आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील आढळले.

केवळ आकडा मोठा झाला, एवढेच याचे महत्त्व नाही. कोठे व केव्हा हे कळले, की नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर चालणारी प्रतिविष लस पावसाळ्यापूर्वी कोणत्या आरोग्य केंद्रांत हवी, हे ठरविता येते. जमिनीवर निजणाऱ्यांना रात्री मण्यार चावते आणि पुष्कळदा दंश जाणवतही नाही; तेथे नीट खोचलेली मच्छरदाणी हा स्वस्त उपाय ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्याविषयी कळविले. अर्थात, घरीच दगावलेल्याची नोंद कोण करणार, हा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटत नाही.

बँकेच्या खिडकीवर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. बचत खात्यातून वार्षिक २० रुपये हप्ता कापून घेणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूस दोन लाख रुपयांचे संरक्षण आहे आणि सर्पदंश हा त्यात अपघातच मानला जातो. मात्र अशा घटनेत कारणास रुग्णालयाच्या तात्काळ नोंदीचा आधार असावा, अशी अपेक्षा योजनेच्या माहितीपत्रकात व्यक्त केली आहे. दंश झालेल्या माणसास मांत्रिकाकडे न नेता थेट सरकारी रुग्णालयात नेल्यास त्याचे प्राण वाचण्याची शक्यता वाढते. दुर्दैवाने तो दगावलाच, तर वारसांच्या हाती निदान एक कागद राहतो.