भीमगड : अभयारण्य आहे, राष्ट्रीय उद्यान नव्हे

म्हादई उगम पावते ते खानापूर तालुक्यातील भीमगडचे अरण्य २०११ मध्ये वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. क्षेत्रफळ सुमारे १९० चौरस किलोमीटर. येथील बारापेडे गुहांतील राउटनचे वटवाघूळ दीर्घकाळ जगात अन्यत्र ठाऊकच नव्हते. गुहांची शांतता राखणे हे म्हणूनच व्यवस्थापनाचे एक प्रमुख उद्दिष्ट.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे शब्द आपण (वृत्तपत्रेसुद्धा) सर्रास अदलाबदलीने वापरतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला हा भेद महत्त्वाचा वाटतो. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मज्जाव असतो, खासगी हक्कही उरत नाहीत. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात. गवाळी, कोंगळा, आमगाव ही गावे त्यामुळेच आत टिकून आहेत. टिकून म्हणजे कशी? रस्ता वा पूल हवा तर वनखात्याची परवानगी लागते, आणि पावसाळ्यात रुग्णाला खांद्यावरून वाहून आणावे लागते. अशा स्थितीत पुनर्वसनाला दिलेला होकार कितपत ‘स्वेच्छे’चा, हा प्रश्न उरतोच. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आधी हक्कांची निश्चिती आणि ग्रामसभेची लेखी संमती आवश्यक आहे. रकमेची बोलणी त्यानंतरची.