दीड इंच

रात्री साडेनऊला चिकपेटमधली शटरं खाली येतात, हातगाड्या भिंतीला लागतात, आणि मग आमच्या गल्लीत जिप्सी उभी करायला जागा होते. सकाळी नऊच्या आत ती बाहेर काढावी लागते. उशीर झाला तर साड्यांच्या गाठींचा टेम्पो आडवा येतो आणि गाडी दिवसभर अडकते. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेली ही पेठ. १६३८ नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, आणि इथं आजही आमच्यासारखी मराठी बोलणारी शिंप्यांची घरं आहेत. गल्ल्या जुन्याच आहेत. १५४० मिलिमीटर रुंदीची जिप्सी त्यांतून आरसे मिटून बरोबर निघते, म्हणून ती माझी रोजची गाडी. दुकान, गोदाम, कलासीपाळ्याचं ट्रान्सपोर्ट आणि परत.

वर्षातले आठ दिवस ती वेगळी गाडी होते. गणपतीला आम्ही आईच्या माहेरी जातो. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं, जंगलाच्या कडेला. शेवटचा चारेक किलोमीटरचा रस्ता जांभ्या मातीचा. पावसात ट्रॅक्टरनी पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल जातात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. गेल्या वर्षी तिथं खालून लोखंड घासल्याचा आवाज आला, तेव्हाच ठरवलं की गाडी उचलायची.

किती उचलायची, हे मात्र तेव्हा ठरवलं नव्हतं. खरं काम त्या प्रश्नातच होतं.

जिप्सी म्हणजे सुझुकीच्या एसजे ४१० ची भारतीय बहीण. १९८५ मध्ये आली आणि शेवटपर्यंत चारही चाकांवर पाट्यांचीच राहिली. माझी २००६ ची आहे. तिच्यात धुरा पाट्यांच्या वर बसतो, म्हणजे पाटे धुऱ्याच्या खालून जातात. उचलायचे रस्ते तीन-चार. लांब शॅकल लावायचे. जास्त कमानीचे पाटे घालायचे, किंवा जुन्यांत एखादा पाटा वाढवायचा. नाहीतर पाटे धुऱ्याच्या वर आणायचे. या शेवटच्या प्रकारात धुऱ्याची जाडी आणि पाट्यांच्या थप्पीची जाडी, दोन्ही मिळून पाच इंचांच्या आसपास उंची मिळते. फोटोत अशी गाडी फार देखणी दिसते. पण धुऱ्यावर नवी बैठक वेल्ड करावी लागते, स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो आणि प्रत्येक खड्ड्यात चाक स्वतःहून थोडं वळतं, ब्रेकचे पाइप ताणतात, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस चुकीच्या कोनात फिरून धडधडतो. शनिवार-रविवारी दगडांत चढवायला ज्याच्याकडे वेगळी गाडी आहे, त्याच्यासाठी ते ठीक. रोज सकाळी नऊच्या आत सुरू होऊन बाजारात जायचं असलेल्या गाडीसाठी मी ते करणार नाही, आणि कुणी विचारलं तर करू नका असंच सांगेन.

शॅकलचा रस्ता मी दहा वर्षांपूर्वी चालून पाहिला होता. स्वस्त, आणि काम अर्ध्या दिवसाचं. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतो, म्हणून तो दोन इंचांनी लांब केला की गाडी एकच इंच उचलते. हे मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. तो लांबला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं आणि सगळा धुरा पुढं कलतो. सायकलचा चिमटा पुढं झुकलेला असतो म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. गाडीच्या पुढच्या चाकांनाही तसाच झुकाव असतो, त्याला मेकॅनिक कॅस्टर म्हणतात. लांब शॅकलनं नेमका तोच कमी झाला. तुमकुरूच्या पुढं हायवेला ऐंशीवर स्टिअरिंग हलकं पडलं. लेन बदलली की ते आपणहून मध्यावर येईना, दर वेळी हातानं परत आणावं लागे. मागच्या सीटवर आई झोपली होती. तिथून बेळगावपर्यंत चारशेहून जास्त किलोमीटर मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून होतो. परत आल्यावर ते शॅकल काढून टाकले.

या खेपेला आधी माप घेतलं. आमच्या घरात मापाला तोटा नाही. वडिलांच्या गल्ल्यात शिंप्याची फीत कायम असते. गाडी सपाट फरशीवर उभी केली, आत कुणी नाही, पेट्रोल अर्धं. माप जमिनीपासून घ्यायचं नाही, कारण हवा कमी-जास्त असली की आकडा बदलतो. चाकाच्या बरोबर मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत फीत लावायची, चारही कोपऱ्यांवर. नंतर ओळखीतल्या एका जिप्सीला तीच फीत लावली. तिला वर्षापूर्वी कंपनीच्याच मापाचे नवे पाटे पडले होते. माझी गाडी पुढं सव्वा इंच खाली निघाली, मागं डावीकडे तेवढीच, आणि मागं उजवीकडे पुरे दोन इंच. अठरा-एकोणीस वर्षं ड्रायव्हर एकटाच त्या बाजूला बसत आला, गाठीही नकळत त्याच्या मागंच रचल्या जात. कागदावर जिप्सीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर. माझी गाडी उचलायची राहिली होती असं नाही, ती बसली होती. गेलेला दीड इंच मी लिफ्ट म्हणून विकत घ्यायला निघालो होतो.

तरीही हे आकडे घेऊन मी जे. सी. रोडला गेलो. टाऊन हॉलपासून खाली जाणाऱ्या या रस्त्यावर गाडीचा सुटा भाग मिळत नाही असं क्वचितच होतं. कलासीपाळ्याकडच्या एका बोळात जिप्स्यांचं काम करणारे मिस्त्री आहेत, दख्खनी बोलणारे. दोन इंच जास्त कमानीचे पाटे घालू का, असं मी विचारलं. त्यांनी गाडीखाली नजर टाकली आणि म्हणाले, “इत्ता उंचा नक्को. अम्मा कैसा चढते?” (दख्खनीतला हा नक्को म्हणजे आपलाच नको. ऐकला की दर वेळी बरं वाटतं.) आईचे गुडघे दुखतात, हे त्यांनी तिला एकदा उतरताना पाहून लक्षात ठेवलं होतं. माझ्या हिशोबात ते मापच नव्हतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतल्या, म्हणजे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करायचे नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करताना ती तपासणीला उभी करावी लागते. आणि अपघात झालाच, तर विमा कंपनी सगळ्यात आधी बदललेले भाग शोधते. उचलण्याचे तोटे नव्या गाड्यांनाही चुकत नाहीत. २०२३ मध्ये भारतात आलेल्या जिम्नीला पाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. तिला दोन इंचाच्या स्प्रिंगा घातल्या तर कॅस्टर तर जातोच, शिवाय धुऱ्याला आडवा धरणारा दांडा आपल्या कमानीतून फिरून अख्खा धुरा एका बाजूला सरकवतो.

कंपनीच्या मापाचे नवे पाटे, नवे बुश, नवे शॉकअप, असं ठरलं.

आदल्या रात्री यू-बोल्टांवर डिझेल सोडून ठेवलं होतं, तरी आठांपैकी पाच कापावेच लागले. चासी घोड्यांवर टेकवली, धुरा जॅकवर घेतला आणि उजवीकडची मागची थप्पी खाली उतरवली. मधला बोल्ट काढताच पाटे सुटे झाले. दोन पाट्यांच्या मध्ये लाल मातीचा थर निघाला, पानाच्या डब्यातल्या कातासारखा घट्ट. चिकपेटमध्ये अशी माती कुठं नाही. ती खानापूरची होती, कितीतरी गणपतींची. मुख्य पाट्याच्या पोटावर खालच्या पाट्याच्या टोकानं नखानं ओरखडावं तशी खाच पाडली होती. दुसरा पाटा मिस्त्रींनी रॉकेलच्या फडक्यानं पुसला आणि न बोलता माझ्यापुढं धरला. मधल्या बोल्टाच्या भोकापासून कडेपर्यंत केसासारखी चीर गेली होती. धुऱ्याच्या दाबाखाली ती कधीच दिसली नसती. याच थप्पीत एक पाटा वाढवून घ्यायचा स्वस्त विचार मी महिनाभर मनात घोळवत होतो. तसं केलं असतं तर चिरलेल्या पाट्यावरच जादा भार टाकला असता. जुने पाटे तापवून पुन्हा कमान देणारेही बाजारात आहेत, पण पोलादाला नंतर नीट टेंपर मिळाला नाही तर ती कमान काही महिन्यांत उतरते, आणि चीर तशीच राहते.

नवा मुख्य पाटा जुन्याशेजारी फरशीवर आडवा ठेवला. मध्य जुळवला तेव्हा टोकाच्या डोळ्यांत फीत लावून पावणेदोन इंचांचं अंतर भरलं.

बसवताना एक गोष्ट मी पहिल्यांदाच पाहिली. शॅकलचे बोल्ट मिस्त्रींनी नुसते हातानं लावले. गाडी चाकांवर उतरवली, दोन पोरांना मागं बसवून चार वेळा दाबली, आणि मग पाना लावला. लोंबत्या धुऱ्यावर बोल्ट आवळले तर रबराचे बुश त्या स्थितीत पकडले जातात. गाडी खाली आली की ते कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. यू-बोल्ट मात्र आडवे-तिडवे, थोडे थोडे करून आवळले, म्हणजे थप्पी सगळीकडे सारखी दाबली जाते. पाचशे किलोमीटरनंतर परत या, म्हणाले. गेलो तेव्हा प्रत्येक नट पाव फेरा आणखी फिरला.

टायर मी बदलले नाहीत. पाटे काहीही घातले तरी चासी उचलते, धुरा जमिनीपासून होता तिथंच राहतो. डिफरन्शियलचा गोळा वर न्यायचा तर मोठा टायरच लागतो. २०५/७० आर १५ च्या जागी २१५/७५ घातला असता तर टायरचा व्यास साडेतीन सेंटिमीटरनं वाढला असता, आणि गोळा त्याच्या निम्मा, म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर वर गेला असता. बदल्यात स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवतो, १३०० सीसीच्या इंजिनाला चढावर एक गिअर खाली यावं लागतं आणि ब्रेकवर भार वाढतो. आठ दिवसांसाठी ते मला जास्त वाटलं.

गणपतीला गेलो. आई दुकानासमोरून चढली, एक हात दाराच्या कडेला, दुसरा माझ्या खांद्यावर, पूर्वीसारखीच. तुमकुरूच्या पुढं मी मुद्दाम एक लेन बदलली आणि स्टिअरिंग सैल सोडलं. ते आपलं आपण मध्यावर आलं. जांबोटीच्या पुढं पाऊस होता. चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावरचं गवत पोटाखाली सळसळलं, लोखंडाचा आवाज आला नाही. ओढ्याच्या उतारावर मात्र एक दगड गोळ्याला लागलाच. उतरून पाहिलं, तेल नव्हतं, फक्त रंग खरवडला होता.

परत आल्यावर रात्री दहाला, गल्ली मोकळी झाल्यावर, फीत लावली. मागची उजवी बाजू पाव इंच बसली होती. बाकीच्या तीन जिथल्या तिथं.