ओलसर थंडीतील भटकंतीसाठी कपडे निवडताना किमतीपेक्षा कापड महत्त्वाचे

बराकपूर (कोलकाता) : उत्तराखंडमधील सहस्रताल मार्गावर जून २०२४ मध्ये खराब हवामानात अडकलेल्या कर्नाटकातील नऊ गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनांनंतर हवामानाचा अंदाज, वाटाडे आणि परवानग्या यांची चर्चा होते. अंगावरील कपड्यांची चर्चा मात्र क्वचितच होते. वास्तविक शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसवरून ३५ अंशांखाली घसरण्यासाठी बर्फच पडावा लागतो असे नाही. दहा अंशांच्या आसपासचे तापमान, भिजलेले कपडे आणि वारा एवढे त्यासाठी पुरेसे ठरते. कोरड्या हवेच्या तुलनेत पाणी शरीरातील उष्णता सुमारे पंचवीसपट वेगाने बाहेर वाहून नेते.

हा प्रश्न केवळ हिमालयातील उंच वाटांचा नाही. हिवाळ्यात बराकपूर-कोलकाता परिसरातील पक्षीनिरीक्षक पूर्वस्थळीचा जलाशय किंवा तिस्तेकाठचे गजलडोबा गाठतात आणि पहाटेच्या दाट धुक्यात उघड्या होडीत दोन-तीन तास बसतात. सांदकफूला जाणाऱ्यांना ढग, पाऊस आणि वारा एकाच दिवशी भेटू शकतात. एकेकाळी याच पाणथळ भागांत बदकांची शिकार चालत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, मात्र ओल्या गवतात हालचाल न करता बसून राहणाऱ्या माणसाची शारीरिक अवस्था बदललेली नाही. त्यामुळे परदेशांत थंड, पावसाळी हवेतील शिकारीसाठी कपड्यांचे जे निकष मानले जातात, ते येथील निरीक्षकाला, छायाचित्रकाराला आणि गस्तीवरील वनरक्षकालाही लागू पडतात.

पाऊस रोखणाऱ्या कापडाशी बराकपूर परिसराचे जुने नाते आहे. स्वदेशी चळवळीतून पुढे आलेले सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये बंगाल वॉटरप्रूफ या उद्योगाची स्थापना केली. पुढे बराकपूर उपविभागातील पाणिहाटी येथे त्याचा कारखाना उभा राहिला. ‘डकबॅक’ या नावाने त्याचे रेनकोट आणि गमबूट देशभर पोहोचले. महाराष्ट्रातही शाळा सुरू होण्याच्या सुमारास डकबॅकचा रेनकोट घेणे हा अनेक घरांतील नेमाचा भाग होता. या कपड्यामागील तत्त्व मात्र त्याहून जुने आहे. स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये कापडाच्या दोन थरांमध्ये रबराचा थर बसवण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. ते रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत कडक पडे. चार्ल्स गुडइयर यांनी गंधकाच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची प्रक्रिया शोधल्यावर हा दोष दूर झाला.

रबरी रेनकोट बाहेरचे पाणी पूर्णपणे अडवतो, पण अंगाचा घामही तितक्याच निष्ठेने आत कोंडून ठेवतो. चढ चढणारा माणस तासाभरात आतून भिजतो आणि विश्रांतीसाठी थांबताच त्याला हुडहुडी भरते. पाऊस बाहेरून आला की घामातून, याने शरीराला काही फरक पडत नाही. म्हणून खरेदीपूर्वी पहिला प्रश्न असावा तो हालचालीचा. होडीत किंवा मचाणावर बसून राहायचे असेल, तर जाड रबरी रेनकोट आजही उत्तम आणि स्वस्त पर्याय आहे. दिवसभर चालायचे असल्यास बाष्प बाहेर जाऊ देणारे कापड हवे.

असे कापड अमेरिकेतील रॉबर्ट गोर यांच्या १९६९ मधील शोधानंतर शक्य झाले. त्यातील पातळ पापुद्र्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान, मात्र बाष्प निघून जाण्याइतकी मोठी असतात. जाहिरातीत सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की, आतील आणि बाहेरील बाष्पाच्या प्रमाणात फरक असेल तरच हे कापड काम करते. बंगाल, कोकण किंवा सह्याद्रीच्या पावसाळी हवेत, आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळ असताना, महागडे जॅकेटही संथपणे ‘श्वास’ घेते. अशा वेळी काखेखाली उघडता येणारी झिप कापडाच्या नावापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

जॅकेटच्या चिठ्ठीवरील मिलिमीटरमधील आकडा म्हणजे कापड न झिरपता पाण्याचा किती उंच स्तंभ पेलू शकते त्याचे माप. सततच्या पावसासाठी १०,००० किंवा त्याहून अधिक आकडा पाहावा. पाठपिशवीचे पट्टे आणि टेकलेले गुडघे यांचा दाब पडतो, तेथे पाणी आधी शिरते. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेला कपडा केवळ हलकी सर झेलतो. दुकानात जॅकेट उलटे करून शिवणी पाहाव्यात. सुईच्या प्रत्येक छिद्रावर आतून पट्टी चिकटवलेली नसेल, तर कापड कितीही चांगले असले तरी पाणी आत येणार. जॅकेट स्वेटरवर घालून पाहावे, हात वर करावेत, उकिडवे बसावे. या हालचालींत कंबर उघडी पडत असेल तर ते माप चुकीचे आहे.

आतल्या कपड्यांबाबत सर्वाधिक चुका होतात, कारण ते दिसत नाहीत. सुती बनियन आणि जीन्स उन्हाळ्यात सुखद असतात, परंतु ओल्या थंडीत तेच सर्वांत धोकादायक ठरतात. कापूस पाणी शोषतो, अंगाला चिकटतो आणि लवकर वाळत नाही. बाजारात ‘थर्मल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक कपड्यांत सुताचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे चिठ्ठी वाचणे आवश्यक आहे. अंगालगत पॉलिस्टर किंवा बारीक लोकर असावी. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प सामावूनही हाताला ओली लागत नाही आणि भिजल्यावरही काही प्रमाणात ऊब राखते. पिसांचे हलके जॅकेट कोरड्या थंडीत अतुलनीय असले, तरी भिजताच पिसांचे गोळे होतात आणि ऊब संपते. ओलीसाठी फ्लीस किंवा लोकरीचा मधला थर बरा.

महाराष्ट्रातील धनगरांना हे सांगण्याची गरज नाही. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी डोक्यावरून खोळ करून घेतली की मेंढपाळ पावसाच्या सरी अंगावर घेत मेंढरांमागे उभा राहू शकतो. घोंगडी जड असते, भिजल्यावर आणखी जड होते, पण ती वारा अडवते आणि पूर्ण गार पडत नाही. शिवाय ती आवाज करत नाही. कृत्रिम कापडाची सळसळ पक्ष्यांना दूरवरून सावध करते, हे निरीक्षकांनी ध्यानात घ्यावे.

बंगाली पर्यटकांच्या माकडटोपीची देशभर थट्टा होते. ती अनाठायी आहे. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते हा समज खरा नसला, तरी कान, मान आणि गळा एकाच वेळी झाकणारी लोकरी टोपी ओल्या वाऱ्यात अत्यंत व्यवहार्य असते. पायांसाठी लोकरीचे मोजे आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा जोड हवा. घट्ट बुटात दोन मोजे कोंबल्यास रक्तप्रवाह मंदावतो आणि बोटे अधिकच गारठतात.

रंग निवडताना लष्करी नक्षीचा मोह टाळावा. भूदलाने जानेवारी २०२२ मध्ये स्वीकारलेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या रचनेची अधिकृत नोंदणी झाली असून तिची अनधिकृत विक्री बेकायदा आहे. बराकपूरसारख्या छावणीच्या गावात तर असा पेहराव नाहक चौकशी ओढवून घेऊ शकतो. साधा मातकट किंवा गडद हिरवा रंग पुरेसा आहे.

सोबतचा माणूस थरथरू लागला, त्याला बटण लावता येईना, बोलणे अडखळू लागले, तर पुढे जाणे थांबवावे. थरथर आपोआप थांबणे हे बरे वाटल्याचे नव्हे, तर प्रकृती ढासळल्याचे लक्षण असू शकते. आडोशाला नेऊन ओले कपडे काढावेत, कोरडे चढवावेत, शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय द्यावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी. जुन्या शिकाऱ्यांच्या खिशातील ब्रँडी येथे घातक ठरते, कारण मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब आल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात उष्णता बाहेर जाते.

परतल्यावर रबरी रेनकोट घडी न घालता सावलीत टांगावा, अन्यथा घडीच्या रेषेवर रबराला भेगा पडतात. बाष्प सोडणारे जॅकेट सौम्य साबणाने धुवावे, कापड मऊ करणारे द्रव वापरू नये. पाण्याचे थेंब पृष्ठभागावरून ओघळण्याऐवजी कापडात पसरू लागले, तर जॅकेट लगेच टाकून देण्याचे कारण नाही. बहुधा वरचा जलरोधक लेप झिजलेला असतो आणि फवाऱ्याने तो पुन्हा देता येतो.