शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील साहाय्यक पेशी

शरीरात शिरलेल्या रोगजंतूंचा नाश रक्तातील पांढऱ्या पेशी करतात, हे शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांनी कोणत्या जंतूवर, केव्हा आणि किती जोराने चाल करावयाची, हे ठरण्यात ज्यांचा मोठा वाटा असतो त्या साहाय्यक टी पेशींचा परिचय त्या मानाने थोड्यांनाच असतो.

या पेशी अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीतील यौवनलोपी, म्हणजे थायमस, ग्रंथीत परिपक्व होतात. ही ग्रंथी दीर्घकाळ निरुपयोगी समजली जाई. १९६१ साली जॅक मिलर यांनी उंदरांवरील प्रयोगांतून तिचे महत्त्व दाखवून दिले.

साहाय्यक पेशी सहसा स्वतः जंतूला मारीत नाही. इतर पेशी जंतू गिळून त्याचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडतात. आपल्याशी जुळणारा तुकडा दिसताच साहाय्यक पेशीची झपाट्याने वाढ होते व ती सायटोकाइन नावाची द्रव्ये सोडते. या इशाऱ्याने बी पेशी अधिक प्रभावी प्रतिपिंडे बनवितात आणि भक्षक पेशींना गिळलेले जंतू मारण्याचे बळ येते. क्षयाचा जंतू तर भक्षक पेशीच्या पोटातच दडून बसतो. त्याला तेथे कोंडून धरणे या मदतीवाचून कठीण.

लसीकरणातही याचा प्रत्यय आला. हिब जंतूच्या शर्करायुक्त आवरणाची जुनी लस तान्ह्या बालकांत निष्प्रभ ठरे, कारण टी पेशी नुसती शर्करा ओळखत नाहीत. तीच शर्करा प्रथिनाला जोडताच साहाय्यक पेशी कामाला लागल्या. दीड महिन्याच्या बालकास दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंट लशीत हाच घटक असतो.

एचआयव्ही विषाणू नेमका या पेशींवरच घाला घालतो. निरोगी प्रौढाच्या रक्तात त्या दर घन मिलिमीटरला साधारण ५०० ते १५०० असतात. ही संख्या २०० च्या खाली गेली की एरवी निरुपद्रवी ठरणारे जंतूही जीवघेणे होतात. आपल्याकडे अशा रुग्णांत क्षय विशेष आढळतो. संख्या घटेपर्यंत औषधासाठी थांबण्याची जुनी रीत आता उरलेली नाही. २००४ पासून शासकीय एआरटी केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात व २०१७ पासून निदान होताच, पेशींची संख्या कितीही असो, उपचार सुरू केले जातात. औषध नियमित घेतल्यास विषाणूची वाढ रोखली जाते आणि साहाय्यक पेशींची संख्या पुन्हा वाढू लागते. म्हणूनच प्रकृती ठीक वाटते एवढ्यावरून तपासणी टाळणे किंवा गोळ्या मध्येच सोडणे धोक्याचे आहे.