ऊन वाळवतं, पेटवतो माणूस

मे महिन्यात नागपूरचा पारा कधीकधी ४७ अंशांपर्यंत चढतो, तरी नुसत्या उन्हाने लाकूड पेटत नाही. त्याला साधारण ३०० अंश सेल्सिअस लागतात. पेंचच्या सागवनात वणवा लागतो तो बहुतेकदा माणसाच्या हातून. मोहफुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, नाहीतर कुणी जळती बिडी टाकून देतं.

खरं तर लाकूड थेट जळत नाही. १०० अंशांच्या आसपास त्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं. २०० अंशांपुढे लाकडाचं विघटन सुरू होतं, ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात आणि ठिणगी मिळताच भडकतात. मागे उरलेला कोळसा ज्वाळेविना धगधगत राहतो. ओल्या सरपणाची उष्णता मात्र पाणी आटवण्यातच खर्ची पडते, म्हणून ते धुमसतं.

ज्वाळांचं तापमान ८०० ते १,००० अंशांपर्यंत जाऊ शकतं. सागाची वाळकी पानं क्षणात पेटतात, जाड ओंडक्याला वेळ लागतो.

वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतो आणि जंगलात जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, काढतो. या काळात जंगलात जाणाऱ्यांनी काडेपेटी घरीच ठेवावी.